म्हैसूरचं चंदन, लाइपझिगचं तेल: 1914 च्या एका पेचाचा अभ्यास

ऑगस्ट 1914 मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि म्हैसूर संस्थानाच्या कोठ्यांमध्ये चंदनाचं लाकूड पडून राहू लागलं. तोपर्यंतचा व्यवहार ठरलेला होता. वनखातं झाड मुळासकट उपटायचं, साल आणि पांढरं लाकूड तासून काढायचं, उरलेला सुगंधी गाभा प्रतवारी लावून कोठीत रचायचं आणि मग त्याचा लिलाव व्हायचा. मालाचा मोठा हिस्सा जर्मनीला जायचा. तिथे, विशेषतः लाइपझिगच्या आसपासच्या कारखान्यांत, त्याचं तेल निघायचं आणि ते जगभरच्या औषधवाल्यांना आणि अत्तरवाल्यांना विकलं जायचं. जर्मनी शत्रुराष्ट्र झालं आणि मुख्य गिऱ्हाईकच गेलं. संस्थानाच्या तिजोरीत दरवर्षी हमखास पडणारी रक्कम थांबली.

औषधी झाडं लावू पाहणाऱ्या, त्यांचं तेल काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण अभ्यासावं असं मला मनापासून वाटतं. आज मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात चंदनाची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलताना रोपांची, ठिबकची, यजमान झाडांची (ज्यांच्या मुळांतून चंदन अन्न-पाणी घेतं त्या सोबतीच्या झाडांची) चर्चा तासभर चालते. तेल कोण काढणार, ते चांगलं निघालं हे कशावरून ठरणार, हे विचारलं की बोलणं थांबतं. म्हैसूर संस्थान 1914 मध्ये नेमकं याच ठिकाणी अडकलं होतं. फरक इतकाच की त्याच्याजवळ झाडं तयार होती.

झाड आपलं, किंमत दुसऱ्याची

म्हैसूरमध्ये चंदनाचं झाड राजाचं मानलं जायचं. टिपू सुलतानाने 1792 मध्ये तसा हुकूम काढला, नंतरच्या राजवटींनी तो चालू ठेवला. म्हणजे जगातलं सर्वोत्तम समजलं जाणारं चंदन एकाच मालकाच्या हातात होतं. तरीही तो मालक फक्त लाकूड विकत होता.

आपल्याकडे तेल काढता येत नव्हतं, असं मुळीच नाही. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या डेगेत चंदनाचा भुसा पाण्यात उकळून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवून पिढ्यान्‌पिढ्या तेल काढत होते. गुलाब, मोगरा, केवड्याच्या अत्तराचा पाया तेच तेल. ते उत्तमही असायचं. मात्र युरोपातल्या औषधविक्रेत्याला लागायचं ते वेगळंच काही: प्रत्येक खेपेला सारखं तेल, आणि त्यासोबत ते सारखंच आहे याचा पुरावा. चंदनाचं तेल 'ओलियम सॅन्टाली' या नावाने ब्रिटिश औषधकोशात होतं. त्यात सँटालॉल या घटकाचं प्रमाण किमान 90 टक्के असावं लागे, घनता आणि अल्कोहोलमधली विद्राव्यता ठरलेल्या मर्यादेत बसावी लागे. हा पुरावा जर्मन कारखान्यांकडे होता आणि पैसा त्या पुराव्याला मिळत होता.

त्या तेलाचा वापरही आज अनेकांना ठाऊक नसतो. आपण चंदन म्हटलं की सहाणेवर उगाळलेलं गंध, पित्तावर, अंगाच्या दाहावर लावायचा लेप, पंढरपुरात उन्हाळ्यात विठ्ठलाला होणारी चंदन उटी हेच डोळ्यांसमोर येतं. युरोपात मात्र चंदनाचं तेल कॅप्सूलमध्ये भरून परमा या गुप्तरोगावर आणि मूत्रमार्गाच्या दाहावर पोटात घ्यायला दिलं जायचं. प्रतिजैविकं नव्हती त्या काळी हा फार मोठा खप होता. तेलाने जळजळ कमी व्हायची; आजार मुळातून जात नसे, शिवाय पोट आणि मूत्रपिंडं दुखावायची. तरी दुसरं काही हाताशी नसल्यामुळे मागणी टिकून होती.

कोण शिकलं, कुठे शिकलं

त्या वेळी संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. महाराष्ट्राला हे नाव परकं नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते 1883 मध्ये इंजिनियर झाले, नाशिकपासून नोकरीला सुरुवात केली, खडकवासल्याला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे जगभर वाखाणले गेले. 1912 पासून ते म्हैसूरचे दिवाण होते आणि कच्चा माल बाहेर पाठवण्याऐवजी कारखाने काढावेत हा त्यांचा ध्यासच होता. उद्योगखात्याचे संचालक अल्फ्रेड चॅटरटन होते, आणि महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांचा पाठिंबा होता.

पण इच्छा आणि पाठिंबा यांनी तेल निघत नाही. निर्णायक ठरली ती बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, जिला गावात आजही जुनी माणसं टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूरने दिलेल्या जमिनीवर ती 1909 मध्ये उभी राहिली होती. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सडबरो आणि वॉटसन यांनी चंदनाच्या तेलावर काम केलं: आधी लहान भांड्यात, मग मोठ्या प्रमाणावर. 1916 मध्ये बंगळुरूला सरकारी तेल कारखाना सुरू झाला, 1917 मध्ये म्हैसूरला दुसरा.

लाकूड पडून राहण्यापासून कारखाना सुरू होण्यापर्यंत साधारण दोन वर्षं लागली. याचं श्रेय मी संस्थेला देतो. युद्धाच्या आधीपासूनच ती प्रयोगशाळा उभी होती, माणसं कामाला होती. पेच पडल्यावर जर प्रयोगशाळेचा पाया खणायला घेतला असता तर युद्ध संपेपर्यंत भिंतीच उभ्या राहिल्या असत्या.

भट्टीवर नेमकं काय शिकायचं होतं

या भागावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आजही वाफेने तेल काढणारं लहान ऊर्ध्वपातन यंत्र विकत घेणारा माणूस इथेच फसतो.

गवती चहाचं तेल दोन-तीन तासांत निघतं. ताजं किंवा एक दिवस सुकवलेलं गवत टाकीत दाबायचं, खालून वाफ सोडायची, थंड झालेलं पाणी आणि तेल विभाजकात वेगळं होतं, काम संपलं. चंदनाचं तसं नाही. सँटालॉल साधारण 300 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो. शंभर अंशाच्या वाफेसोबत तो अगदी थोडा थोडा उडतो. त्यामुळे एक भट्टी 48 ते 72 तास, कधी त्याहूनही जास्त चालवावी लागते. तीन दिवस सलग जाळ, सलग पाणी, सलग माणूस.

इथेच मोह होतो. पहिल्या दिवशी तेल बरं येतं, नंतर धार बारीक होत जाते, आणि जळण वाचवायला माणूस भट्टी थांबवतो. पण पहिल्या टप्प्यात जे येतं त्यात सँटालीन जातीची हलकी हायड्रोकार्बन जास्त असतात. सँटालॉलचा मोठा भाग उशिरा उतरतो. लवकर थांबवलेलं तेल वासाला चंदनच लागतं, परीक्षेत मात्र 90 टक्क्यांच्या खाली पडतं. लाइपझिगच्या तेलाला टक्कर द्यायची तर शेवटच्या तासांचा खर्च टाळता येत नाही, हे मोजमापाशिवाय कळणं शक्य नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. तेल फक्त गाभ्यात असतं. बाहेरचं पांढरं लाकूड निर्गंध असतं. ते सोबत टाकलं तर टाकीतली जागा खातं आणि वाफ फुकट घालवतं. सर्वांत जास्त तेल मुळांत, मग बुंध्यात, फांद्यांत कमी. म्हणूनच चंदन तोडत नाहीत, उपटतात. गाभ्याच्या ढलप्या करून त्याचा भुसा करावा लागतो. भुसा जाडा राहिला तर आतलं तेल सुटत नाही. फार बारीक झाला तर गठ्ठा बनतो, वाफ एखाद्या फटीतून वाट काढते आणि बाकीचा माल कोरडाच राहतो. चांगल्या गाभ्यातून वजनाच्या चार-सहा टक्के तेल मिळतं, म्हणजे शंभर किलोतून चार-सहा किलो.

तिसरी गोष्ट वेगळं करण्याची. चंदनाच्या तेलाची घनता पाण्याच्या अगदी जवळ, 0.97 ते 0.98 च्या दरम्यान असते. गवती चहाचं तेल जसं झटकन वर येतं तसं हे येत नाही. पाण्यात लोंबकळत राहतं, घाई केली तर पाण्यासोबत वाहून जातं. ते पाणी पुन्हा टाकीत घालणं हाच उपाय. एवढं सगळं झाल्यावर कच्चं तेल शुद्ध करायचं, गाळायचं, आणि प्रत्येक खेपेची तपासणी करून नोंद ठेवायची.

म्हैसूरच्या कारखान्यांनी हे सगळं बसवलं. काही वर्षांतच म्हैसूरचं तेल हेच जगात प्रमाण मानलं जाऊ लागलं. सव्वाशे वर्षांच्या मक्तेदारीला जे जमलं नाही ते तपासलेल्या तेलाने करून दाखवलं.

साबण

1918 मध्ये बंगळुरूला सरकारी साबण कारखाना निघाला. त्यासाठी एस. जी. शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं गेलं होतं. परत येऊन त्यांनी जो सुगंध बसवला तोच म्हैसूर सँडल साबण. महाराष्ट्रातल्या किती घरांत त्याची अंडाकृती वडी आणि वेष्टनावरचा सिंहाच्या धडाचा, हत्तीच्या सोंडेचा शरभ पोहोचला याची मोजदाद नाही.

तेव्हा हा जोडधंदा वाटला असेल. पण 1930 च्या दशकात सल्फा औषधं आली, 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं, आणि परम्यावरची चंदन-कॅप्सूल औषधाच्या कपाटातून कायमची गेली. जे तेल औषध म्हणून विकायला हा सगळा खटाटोप केला, त्याचा औषधी खप पंचवीस-तीस वर्षांत आटला. साबण आणि अत्तर नसतं तर कारखाने बंद पडले असते. औषधी वनस्पतीचा धंदा एका आजाराच्या भरवशावर उभा करू नये, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आज ज्या वनस्पतीवर अमुक आजाराचा रामबाण म्हणून भाव चढतो, तिच्या शेतकऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

ज्याकडे कुणी पाहिलं नाही

तेल काढायला म्हैसूर शिकलं. झाड वाढवण्याच्या बाबतीत मात्र त्याची कामगिरी कमकुवत राहिली, आणि या प्रकरणाची ही बाजू साबणाच्या गौरवगाथेत सहसा सांगितली जात नाही.

चंदन अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी व अन्नद्रव्यं ओढतात. हे 1871 मध्येच कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या जॉन स्कॉट यांनी दाखवून दिलं होतं. एकटं लावलेलं चंदन पिवळं पडून मरतं. पिशवीत असताना तुरीसारखं लहान झाड सोबतीला हवं, शेतात सुरू, करंज, कडुनिंब, गिरिपुष्प अशी दीर्घायुषी सोबत हवी. त्यात 1899 मध्ये कोडगूत स्पाइक रोग दिसला. पानं बारीक होऊन काट्यांसारखी उभी राहायची आणि झाड दोन-तीन वर्षांत वाळायचं. तो फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होतो हे कळायला सत्तर वर्षं गेली. खात्रीचा इलाज अजून नाही.

रोगापेक्षा जास्त नुकसान मात्र कायद्याने केलं असं माझं मत आहे. जमीन शेतकऱ्याची, तिच्यावर आपसूक उगवलेलं चंदन सरकारचं. चोरी झाली तर जाब जमीनमालकाला. अशा झाडाचं रोप दिसलं की माणूस ते वाढू देईल की उपटून टाकेल? कुणी लावलं नाही, जंगलातलं होतं ते संपत गेलं, तस्करी वाढली. चंदनतस्कर वीरप्पनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासारख्यांना माणसं आणि माल कुठून मिळत होता, याचं उत्तर बऱ्याच अंशी या कायद्यात आहे. 1998 मध्ये भारतीय चंदन धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलं गेलं. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तमिळनाडूने त्यापाठोपाठ कायदा बदलून झाड जमीनमालकाचं केलं, तेव्हा कुठे खाजगी लागवडीला सुरुवात झाली. तोवर ज्या कारखान्यांनी जगाला तेल पुरवलं त्यांनाच लाकडाची टंचाई भासत होती, आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागात भारतीय चंदनाची लागवड सुरू झाली होती; पुढे ती हजारो हेक्टरांवर गेली. तीही सुखाची गोष्ट नाही. तिथली सर्वांत मोठी चंदन कंपनी 2018 मध्ये कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात गेली. झाडं शेतात उभी होती, पैसा संपला होता.

आज ज्याच्या शेतात चंदन आहे

महाराष्ट्रात चंदनाची जाहिरात एका गुणाकारावर चालते. दहा बाय दहा फुटांवर एकरी 435 झाडं, प्रत्येकी इतके किलो गाभा, किलोला इतका भाव, म्हणून बारा-पंधरा वर्षांत कोट्यवधी रुपये. या गुणाकारातला पहिला आकडाच तेवढा खात्रीचा असतो. एका वेळी लावलेल्या, शेजारी शेजारी वाढलेल्या दोन झाडांतही गाभा वेगवेगळा भरतो. भरपूर पाणी आणि खत दिलं की खोड जाड होतं. गाभा त्याच मापाने वाढतो असं नाही. पारंपरिक तोड तीस वर्षांपुढच्या झाडांची व्हायची. पंधरा वर्षांच्या झाडाचं लाकूड विकलं जाईलही, पण जुन्या म्हैसूर तेलाचा भाव त्याला लावून हिशेब करणं चूक आहे. खोडात बारीक छिद्र पाडून नमुना घेता येतो आणि गाभा किती, त्यात तेल किती हे तपासता येतं. विकायच्या आधी हे करून घेणारा शेतकरी व्यापाऱ्यासमोर रिकाम्या हाताने बसत नाही.

शिकायच्या जागा आहेत. बंगळुरूची लाकूडशास्त्र आणि तंत्रज्ञान संस्था चंदन लागवडीचे छोटे अभ्यासक्रम घेते. कनौजचं सुगंध व स्वाद विकास केंद्र ऊर्ध्वपातन आणि तेलाची तपासणी शिकवतं. रोपांवर लाखभर रुपये घालण्याआधी तिथे जाऊन यायला फार पैसे लागत नाहीत.

महाराष्ट्रात चंदन हे वृक्षतोड नियमन कायद्याच्या, म्हणजे 1964 च्या कायद्याच्या यादीत आहे. तोडायला परवानगी लागते, वाहतुकीला पास लागतो. लागवड केल्याबरोबर सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेणं म्हणूनच आवश्यक. चोरीचा प्रश्न तर शहरातही आहे. पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातून रातोरात चंदन कापून नेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. शेतातल्या राखणीचा खर्च जाहिरातीच्या गुणाकारात कधीच दिसत नाही.

बाटलीतलं तेल ओळखणं आणि वापरणं

ज्यांना झाड लावायचं नाही, फक्त तेल वापरायचं आहे, त्यांच्यासाठीही म्हैसूरची गोष्ट कामाची आहे, कारण भेसळीची परीक्षा तीच आहे. बाजारात चंदनाच्या नावाखाली एरंडेल, देवदाराचं तेल, खनिज तेल आणि कृत्रिम सुगंध यांची मिश्रणं विकली जातात. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का पाहा, ही सगळीकडे सांगितली जाणारी परीक्षा चंदनाला लागू पडत नाही. चंदनाचं शुद्ध तेलच इतकं सावकाश उडतं की डाग अनेक दिवस दिसत राहतो. जुन्या औषधकोशातली परीक्षा अधिक भरवशाची: 20 अंशांना एक भाग तेल 70 टक्के अल्कोहोलच्या पाच भागांत स्वच्छ विरघळलं पाहिजे. गढूळ झालं, वर किंवा खाली थर राहिला, तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे. पूर्ण खात्री मात्र वायू वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) या, तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीनेच होते. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात अल्फा-सँटालॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा-सँटालॉल 16 ते 24 टक्के असा निकष आहे. महाग तेल घेताना त्या खेपेचा अहवाल मागावा, आणि बाटलीवरचा खेप क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. रक्तचंदन हे वेगळंच झाड आहे. त्याचं लाकूड रंगाला आणि लेपाला ठीक, पण चंदनाचं सुगंधी तेल त्यातून निघत नाही.

त्वचेला लावायचं तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून, 100 मिलीला 2 मिलीपेक्षा जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. पोटात घ्यायचं नाही. युरोपातल्या रुग्णांनी ते पुरेसं भोगलं आहे. आणि उष्णतेने आलेल्या पुरळावर गारवा हवा असेल तर तेलाची गरजच नाही. सहाणेवर पाण्यात उगाळलेल्या गंधात लाकूड, पाणी आणि तेलाचा अगदी थोडा अंश एकत्र असतो. ते सौम्य आहे, आणि एक चांगलं खोड घरात कित्येक वर्षं पुरतं. खोड घेताना ते तोडून नव्याने उघडलेल्या बाजूने हुंगावं, कारण साध्या लाकडाला वरून तेल चोळून विकणारे देवस्थानांच्या गावांत जागोजागी भेटतात.